नातलगांना किल्ल्यावर नेण्याची जुनी रीत

पुण्या-नागपुराकडचे पाहुणे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरी उतरले, की दुसऱ्या दिवशीचा तह आदल्या रात्री जेवताना ठरतो. सकाळी किल्ला, संध्याकाळी सराफा बाजार. पहिले कलम मुलांसाठी, आणि आपल्याला इतिहासाची फार आवड आहे असे ज्यांनी घरात जाहीर करून ठेवले आहे त्या काकांसाठी. दुसरे कलम उरलेल्या सगळ्यांसाठी. दुसरे नसेल तर पहिल्यावर कोणी सही करत नाही, हे यजमानांना पक्के ठाऊक असते. यजमान स्वतः एरवी किल्ल्यावर जात नाहीत. चिटणिसांच्या गोठीत किंवा दौलतगंजात जन्म काढलेला माणूस किल्ल्याकडे रोज बघतो, पण वर जातो तो पाहुणे आले तरच. या प्रकाराला जाणकार नाक मुरडतात. त्यांच्या मते किल्ला पाहावा तो एकट्याने, फार तर एखाद्या अबोल मित्राबरोबर, हातात नकाशा घेऊन. आत्या, सून, दोन शाळकरी मुले आणि गुडघ्याला पट्टा बांधलेले आजोबा असा लवाजमा बरोबर असला की त्याची सहल होते, अभ्यास होत नाही. इतर किल्ल्यांचे मला माहीत नाही, पण ग्वाल्हेरच्या बाबतीत हे मत साफ चुकीचे आहे. हा किल्ला बाहेरून लष्करी दिसत असला तरी त्याचा इतिहास आतून कौटुंबिक आहे. सासुरवाड, भाचा, सवती, भावाभावांची वाटणी, कर्त्या पुरुषाने कोणाला न सांगता दडवलेला पैसा, सगळे त्यात आहे. एकट्याने नकाशा घेऊन फिरणाऱ्याला तो कळायचा नाही. त्यासाठी शेजारी एखादा नातलग तक्रार करत चालत असावा लागतो.

सुरुवात किल्ल्याच्या जन्मकथेपासूनच करावी. या डोंगराचे जुने नाव गोपाचल. दंतकथा अशी, की सूरजसेन नावाचा राजा शिकारीत तहानेने व्याकूळ होऊन इथे आला, ग्वालिपा नावाच्या साधूने त्याला कुंडातले पाणी दिले, त्याचे कुष्ठ बरे झाले आणि मग त्याने किल्ला बांधला. म्हणजे या टेकडीवर आलेल्या पहिल्या नामवंत पाहुण्याने सर्वांत आधी काय केले, तर पाणी मागितले. तेव्हापासून आजपर्यंत चढणीच्या पहिल्या वळणावर तेच होते, आणि बाटल्या कोणाच्या पिशवीत होत्या यावर चर्चा होते. त्याच कथेत पुढे असे आहे, की वंशातल्या राजांनी ‘पाल’ हे नाव चालवले तोवर राज्य टिकेल असा साधूचा आशीर्वाद होता, आणि चौऱ्याऐंशीव्या पिढीतल्या तेजकर्णाने ते सोडले. राज्य गेले ते मात्र कसे? तेजकर्ण लग्नासाठी दौशाला गेला, सासुरवाडीला वर्षभर राहिला, आणि किल्ला सांभाळायला ठेवलेल्या भाच्याने तो परत द्यायला नकार दिला. नाव बदलल्याने राज्य गेले हे कारण इतिहासाच्या काकांना पटते. सासुरवाडीला वर्षभर राहिल्याने गेले हे आत्याला पटते, आणि मला आत्याचे जास्त पटते. ही कथा आहे, इतिहास नव्हे, हे मान्य. पण एखाद्या गावाने आपल्या किल्ल्याबद्दल कोणती कथा जपायची हेही त्या गावाच्या स्वभावाबद्दल काही सांगतेच. ग्वाल्हेरने परचक्राची कथा जपली नाही, भाच्याची जपली.

इतिहास म्हणावा असा काळ म्हणजे राजा मानसिंह तोमर, राज्यकाळ 1486 ते 1516. त्याने बांधलेले मानमंदिर आज किल्ल्याचे मुख्य आकर्षण आहे. पूर्वेकडून, म्हणजे शत्रू ज्या बाजूने चढून येईल त्या कड्यावर, त्याची भिंत उभी आहे, आणि त्या भिंतीवर निळ्या फरश्यांच्या पट्ट्यात पिवळी बदके ओळीने चालली आहेत. हत्ती, वाघ आणि केळीची झाडेही आहेत, पण लक्षात राहतात ती बदके. जाणकार या सजावटीच्या रंगतंत्राबद्दल बोलतात. शाळकरी मुलगा विचारतो, “बदकं का?” त्याला गप्प करतात, पण त्या दिवशी किल्ल्यावर विचारलेला सर्वांत मार्मिक प्रश्न तोच असतो. चाल करून येणाऱ्या सैन्याला बदकांची रांग दाखवणारा राजा मनाने सेनापती असेल असे वाटत नाही. त्याला घर सजवायचे होते, आणि घराची दर्शनी बाजू नेमकी तटाच्या बाजूला आली. याच मानसिंहाची मृगनयनीची गोष्ट सगळ्या ग्वाल्हेरला पाठ आहे. गुजर कुळातली ही राणी लग्नाआधी अटी घालते: वेगळा महाल हवा, आणि आपल्या राई गावचे पाणी तिथपर्यंत यायला हवे. राजाने दोन्ही मान्य केल्या आणि गुजरी महाल बांधला तो किल्ल्याच्या पायथ्याशी. स्वतःचा वाडा वर, इतर राण्या वर, नव्या राणीचा संसार खाली, मध्ये साधारण तीनशे फुटांची चढण. वेगळे घर, पण हाकेच्या नव्हे तर चढणीच्या अंतरावर, ही योजना पंधराव्या शतकातली आहे. आज त्या महालात पुरातत्त्व संग्रहालय असून ग्यारसपूरची प्रसिद्ध शालभंजिका तिथे आहे. तिच्यासमोर घरातल्या सुनेचा पाय जरा रेंगाळतो. तो शिल्पासाठी की महालाच्या नियोजनासाठी, हे विचारू नये.

मोगलांच्या काळात तर या किल्ल्याचा मुख्य उपयोगच नातलगांना वर नेण्याचा होता. बाबर 1528 साली आला तेव्हा पाहुण्यासारखाच हिंडला. मानसिंहाचा वाडा त्याने खोलीन् खोली पाहिला आणि आत उजेड कमी असल्याची तक्रार आपल्या आठवणींत नोंदवली. उरवाई घळीतल्या जैन तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती फोडण्याचा हुकूमही त्यानेच दिला. त्यांपैकी सर्वांत उंच मूर्ती 57 फुटांची आहे. पुढे अनेक मूर्तींची दुरुस्ती झाली तरी ते घाव आजही ओळखू येतात, आणि तिथे हसण्यासारखे काही नाही. बाबराच्या वंशजांनी मात्र किल्ल्याचे खरे गुण ओळखले. हुमायूनचा भाऊ कामरान, त्याचा मुलगा इथे कैदेत होता आणि इथेच मारला गेला. औरंगजेबाने तर जवळपास घरातले सगळे लोक टप्प्याटप्प्याने इथे रवाना केले. धाकटा भाऊ मुराद, पुतण्या सुलेमान शुकोह, आणि पोटचा थोरला मुलगा मुहम्मद सुलतान. मुरादला आधी राज्याच्या वाटणीचे गाजर, मग मथुरेजवळ जेवणाचे आमंत्रण, मग बेड्या आणि अखेरीस ग्वाल्हेर, असा हा प्रवास आहे. थोरल्याने वाटणीची भाषा गोड केली की धाकट्याने जेवायला जाऊ नये, हे कोकणातल्या कोणत्याही घराला ठाऊक आहे. दिल्लीच्या तख्ताजवळ वाढलेल्या माणसाला ते कळले नाही.

मुरादच्या कैदेची एक हकीकत इतिहासकार खाफीखानाने लिहून ठेवली आहे. किल्ल्यावरून दोरीच्या शिडीने त्याला उतरवण्याचा बेत शिजला होता, माणसे ठरली होती, मध्यरात्र झाली होती. निघताना त्याने सरसुनबाई नावाच्या आपल्या लाडक्या स्त्रीचा निरोप घेतला. तिने मोठ्याने रडायला सुरुवात केली, पहारेकरी जागे झाले आणि शिडी सापडली. 1661 मध्ये त्याला याच किल्ल्यावर ठार मारण्यात आले. उंबरठ्यावर उभे राहून निरोप घेण्याची सवय किती महाग पडते, याचा याहून मोठा दाखला हिंदुस्थानच्या इतिहासात नसेल. आपल्याकडे ‘येतो’ म्हटल्यावर माणूस अर्धा तास दारात उभा असतो, चपला घातल्यावर खरे विषय निघतात. मुराद मराठी नव्हता, पण हा दोष प्रांतीय नसावा. सुलेमान शुकोहची गोष्ट मात्र विनोदाच्या कक्षेबाहेरची आहे. त्याला रोज सकाळी अफूच्या बोंडांचे पाणी पाजत आणि ते प्यायल्याशिवाय खायला देत नसत, असे फ्रेंच प्रवासी बर्नियेने लिहिले आहे. अशा कैद्याला हळूहळू संपवण्याची ती ठरलेली पद्धत होती, आणि तरुण सुलेमानही याच किल्ल्यावर संपला. हे फलकाजवळ उभे राहून वाचताना काकांचा आवाज आपोआप खाली येतो. तेवढ्यापुरते तरी सगळे कुटुंब एकत्र उभे असते.

शिंद्यांनी या रीतीला चांगले वळण लावले, हेही नोंदवायला हवे. सरदारांच्या मुलांसाठी 1897 साली शाळा निघाली आणि 1908 मध्ये ती किल्ल्यावर गेली. आजचे सिंधिया स्कूल तेच. म्हणजे घरातल्या मुलाला किल्ल्यावर नेऊन ठेवायचे आणि आपण खाली उतरायचे, ही पद्धत बंद पडली नाही. फरक एवढाच, की आता मुलगा सुट्टीत घरी येतो, आणि येताना बरीचशी इंग्रजी घेऊन येतो.

आता यावर कोणी म्हणेल, की हे सगळे निवडक पुरावे झाले. ग्वाल्हेरच्या तटाखाली लढाया झाल्या, वेढे पडले, रक्त सांडले, त्याचे काय? जरूर झाल्या. पण या किल्ल्याचा ताबा शेवटच्या शंभर वर्षांत कसा फिरला ते पाहा. 1780 च्या ऑगस्टमध्ये पॉपहॅम या इंग्रज कप्तानाने रात्री शिड्या लावून तो शिंद्यांच्या माणसांकडून घेतला. शिपायांना पाय घसरू नयेत आणि आवाज होऊ नये म्हणून कापूस भरलेले लोकरी जोडे दिले होते. पायांत काय घालावे याचा विचार करून या किल्ल्यावर चढणारी ती पहिली तुकडी असावी, आणि जिंकली तीच, हे चपला घालून आलेल्या आत्याला आवर्जून सांगावे. इंग्रजांनी किल्ला गोहदच्या राण्याला दिला. महादजींनी 1783 मध्ये तो परत मिळवला. 1804 मध्ये इंग्रजांनी घेतला, 1805 मध्ये शिंद्यांना परत केला. महाराजपूर आणि पन्यारच्या लढाईनंतर 1844 मध्ये पुन्हा इंग्रजांचीच माणसे वर बसली. 1858 च्या जूनमध्ये राणी लक्ष्मीबाई, तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे यांच्या हाती ग्वाल्हेर आले, राणी इथेच धारातीर्थी पडली आणि तिची समाधी खाली फुलबागेत आहे. त्यानंतर किल्ला इंग्रजांकडेच राहिला, आणि 1886 मध्ये त्यांनी तो शिंद्यांना दिला तो झाशीच्या बदल्यात. सगळ्यांत शेवटी काय ठरले, तर अदलाबदल. तुमचे ते आम्हाला, आमचे हे तुम्हाला, आणि कागदावर सह्या. ज्या घरात वडिलोपार्जित शेतीचा एक तुकडा तीन पिढ्या या चुलत्याकडून त्या चुलत्याकडे फिरला आहे, त्या घराला हा इतिहास नकाशाशिवाय समजतो. राणीचा अपवाद सोडला, तर या शंभर वर्षांत किल्ल्यासाठी जीव देण्यापेक्षा किल्ल्यावर हक्क सांगण्यात जास्त शक्ती खर्च झाली, असे माझे मत आहे.

आणि हातात असो वा नसो, शिंद्यांनी किल्ल्याचे केले काय? राहायला गेले नाहीत. दौलतराव शिंद्यांनी 1810 च्या सुमारास उज्जैन सोडून इथे मुक्काम ठोकला तो किल्ल्याच्या पायथ्याशी, तंबूंत. त्या छावणीचे गाव झाले, गावाचे नाव लष्करच राहिले, सरदारांच्या वाड्यांवरून आणि शिंदे घराण्यातल्या नावांवरून पेठा पडल्या. फालका बाजार, पाटणकर बाजार, जनकगंज, जिवाजीगंज. महाराज बाड्याच्या शेजारी सराफा बाजार वसला. जयाजीरावांनी 1874 मध्ये जयविलास राजवाडा बांधला तोही खालीच, सपाटीवर. दरबार हॉलची दोन अवजड झुंबरे छत पेलेल का, हे बघायला छतावर हत्ती चढवले, असे सांगतात. हत्ती राजवाड्याच्या छतावर चढले, पण कुटुंब रोज किल्ला चढेल अशी कल्पनासुद्धा शिंद्यांनी केली नाही. देशातला एक अत्यंत बळकट किल्ला वारंवार ताब्यात आलेल्या घराण्याने सराफ्याजवळ राहणे पसंत केले, यातच सगळे आले. किल्ला बघायचा, राहायचे बाजाराजवळ, हा निवाडा राजघराण्याने देऊन ठेवलेला आहे. तेव्हा संध्याकाळच्या कलमाला खोटे ठरवायला काकांकडे काहीही आधार नाही.

मुळात सराफा ही किल्ल्याची दुसरी बाजू आहे. पानिपतच्या पहिल्या लढाईत, 1526 मध्ये, मानसिंहाचा मुलगा विक्रमादित्य लोदीच्या बाजूने लढताना पडला. त्याचे कुटुंब तेव्हा आग्र्यात होते. हुमायून तिथे पोचल्यावर त्यांनी जडजवाहीर त्याच्या हवाली केले, त्यात एक थोर हिरा होता, आणि बाबराने त्याची किंमत सगळ्या जगाच्या जेवणखर्चाच्या हिशोबात लिहिली. तोच कोहिनूर असे पुष्कळ मानतात, काही अभ्यासक शंका घेतात. मला हिऱ्यापेक्षा हिशोबाची पद्धत आवडते, कारण सराफाच्या गादीवर आजही तीच चालते. भाव तोळ्यात सांगितला जातो आणि मनातल्या मनात किराणा, शाळेची फी आणि परतीची तिकिटे यांत मोजला जातो. तोमरांचा किल्ला गेला, राजा गेला, तरी बायकामुलांपाशी जे शिल्लक होते ते वाटाघाटीला उपयोगी पडले. ही गोष्ट नीट सांगितली तर घडणावळीवरून होणारा अर्धा वाद मिटेल. दुसरी गोष्ट गंगाजळीची. शिंद्यांचा राखीव खजिना किल्ल्यावर गुप्त तळघरात ठेवलेला असे आणि त्याचे बीजक, म्हणजे तिथे पोचायची गुप्त खूण, फक्त गादीवरच्या महाराजांना माहीत असे. इंग्रज वर बसले असताना तो त्यांच्या पायांखाली होता म्हणतात. 1886 च्या जूनमध्ये जयाजीराव गेले तेव्हा त्यांचे चिरंजीव माधवराव दहा वर्षांचेही नव्हते, आणि बीजक सांगायचे राहून गेले, असे परंपरा सांगते. खजिना पुढे सापडला म्हणून गोष्ट गोड झाली. पण सगळे कुठे ठेवले आहे ते वेळ आली की सांगू, असे म्हणणारे आजोबा बरोबर असतील तर ती नेमकी किल्ल्यावर, त्यांच्यासमोर, मोठ्या आवाजात सांगावी.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे: कुटुंबाबरोबर गेले की काहीच नीट बघून होत नाही. त्यात तथ्य आहे. सास-बहू मंदिरांपाशी याचा प्रत्यय येतो. ही अकराव्या शतकातली, कच्छपघात राजांच्या काळातली जोडमंदिरे, मोठ्याची प्रतिष्ठा 1093 ची, मूळ विष्णूची. सहस्रबाहूचे सास-बहू झाले असे अभ्यासक सांगतात, पण ते ऐकायला कोणी थांबत नाही, कारण मोठे कोणाचे आणि धाकटे कोणाचे यावर मंडळींचे फोटो सुरू झालेले असतात. तेली मंदिराच्या शंभर फुटी उंचीपुढेही मान वर करण्याआधी सावली कुठे आहे ते बघितले जाते. पण एकट्या जाणकाराचे तरी काय होते? पूर्वेच्या चढणीवर, एका कातळात कोरलेले चतुर्भुज मंदिर आहे. तिथला 876 सालचा शिलालेख जगभरच्या गणितज्ञांना ओढून आणतो, कारण त्यात आजच्यासारखे शून्य कोरलेले आहे. जाणकार त्या शून्याकडे बघतो आणि भारावतो. शून्य आहे कशात, ते बघत नाही. देवाच्या बागेची लांबी 270 हात, आणि रोज लागणाऱ्या फुलांच्या माळा 50. शून्याचा हा नामांकित पुरावा म्हणजे बागेचे माप आणि रोजच्या फुलांचा हिशोब आहे. फुलवाल्याचा महिन्याचा हिशोब ठेवणारी घरातली बाई हा लेख जाणकारापेक्षा लवकर वाचेल, आणि रोज 50 म्हणजे जास्तच होतात, असेही म्हणेल.

गुडघ्यांचा प्रश्न उरतो. त्याला किल्ल्यानेच उत्तर देऊन ठेवले आहे, दोन रस्त्यांच्या रूपाने. पूर्वेच्या ग्वाल्हेर दरवाज्याने पायी चढायचे, एकामागून एक दरवाजे ओलांडत हत्तीपोळेपर्यंत. पश्चिमेच्या उरवाईने गाडी वर जाते. पायी येणाऱ्यांना गुजरी महाल आणि शून्य मिळते, गाडीतून येणाऱ्यांना तीर्थंकर. दोन्ही बाजूंनी कुटुंब वाटून घ्यावे आणि वर भेटावे, हा शहाणपणाचा मार्ग. उतरताना सगळे एकत्र असले तर उत्तमच. गुरू हरगोविंदांना जहांगीराने इथे कैदेत ठेवले होते, आणि सुटका झाली तेव्हा त्यांच्या झग्याचे गोंडे धरून 52 राजे त्यांच्याबरोबर सुटले, अशी शीख परंपरा आहे. दाताबंदी छोड गुरुद्वारा तेच सांगत उभा आहे. एकाही माणसाला मागे न ठेवता या किल्ल्यावरून उतरलेली तेवढी एक मोठी तुकडी मला ठाऊक आहे. बाकीच्यांचे असे होते, की उन्हाला कंटाळून अर्धी मंडळी जवळच्या रस्त्याने, म्हणजे हत्तीपोळेतून, खाली निघतात, बदके पुन्हा एकदा बघून होतात, मुले धावत पुढे जातात, आणि गुजरी महालाच्या दारात सगळे घाम पुसत उभे राहिल्यावर लक्षात येते की गाडी उरवाईला आहे, मध्ये तीन किलोमीटर लांबीचा डोंगर आहे, चालकाचा नंबर काकांकडे आहे, काका अजून वर फलक वाचत आहेत, आणि सराफ्यातली दुकाने मिटायच्या आत बाड्यावर पोचायचे आहे.